तुम्ही न बसलेली सीट

बाबा,

तुमच्या हातांची मला किळस यायची, हे आधी सांगून टाकते. जुन्या चामड्याचा, एरंडेलाचा, चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा आणि त्याखाली कुणाकुणाच्या घामाचा वास. उल्हासनगरच्या दुकानातून तुम्ही बदलापूर गावातल्या आपल्या घरी यायचात, मोरीत दोनदा साबण लावून हात धुवायचात, आणि तरीही तुम्ही माझ्या ताटात वाढलेला भाकरीचा तुकडा मी हळूच कडेला सारायचे. ही किळस आपल्या घरात माझ्या आधीपासून होती. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला त्याच दिवशी गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि त्यांचाच मुलगा गाड्यांच्या चामडी सीट शिवायला बसला. ते शेवटपर्यंत तुमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मी चढायचे, डबा द्यायला, श्वास रोखून.

पुराच्या वर्षीची ती गाडी आठवते ना? बदलापुरातल्याच एका साहेबांची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या वडिलांच्या वेळची गाडी, आत खऱ्या चामड्याच्या सीट. नदीचं पाणी ओसरल्यावर त्यांनी ती महिनाभर तशीच काचा लावून ठेवली होती. मी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही मागची सीट उलटी करून टाके उसवत होतात. गोणपाट निघालं आणि आतला काथ्या दिसला, काळा पडलेला, गिळगिळीत. त्यात उंदराचं घर, एकमेकांना चिकटून मेलेली चार पिल्लं, फटीत कोंबलेले पानाचे चोथे, कोंबडीचं हाड. अळ्या तुमच्या बोटांवर चढत होत्या आणि तुम्ही त्या भाताची शितं झटकावीत तशा झटकत होतात. मी गटारापाशी जाऊन ओकले. साहेब रस्त्याच्या पलीकडे नाकाला रुमाल लावून उभे. "हे बाकी तुम्हा लोकांनाच जमतं हां," ते म्हणाले. पान त्यांच्या घरच्यांनी खाल्लेलं, हाड त्यांनी चघळलेलं, आणि घाणेरडे ठरलात तुम्ही. माझं डोकं भणाणलं. पण खरं सांगते, त्या वेळी मलाही तुमच्यापासून चार हात लांबच राहायचं होतं.

पुढचे तीन आठवडे मी रोज ती सीट बघत होते. चामडं तुम्ही पुसून सावलीत वाळवलंत, त्यात एरंडेल जिरवलंत. साहेबांना घाई. "फाटलंय तिथं रेक्झिन मारा की, कोण बघतंय?" "मी बघतोय ना, साहेब," तुम्ही म्हणालात. मग सीटच्या खालच्या, कधी कुणाला न दिसणाऱ्या बाजूचं चामडं कापून तुम्ही ते वरच्या फाटक्या जागी लावलंत आणि खाली जाडं कापड शिवलंत. एकाच सीटचं चामडं, त्यामुळे रंग आपोआप जुळला. जोड कुठे आहे ते कळेना म्हणून मी चक्क बोट फिरवून पाहिलं.

काम संपलं की तुमची एक पद्धत होती. सीट गाडीत बसवायची, मग स्वतः आत बसायचं, पाठ टेकायची, डोळे मिटायचे, एकदा डावीकडे कलायचं, एकदा उजवीकडे. कुठली स्प्रिंग कुरकुरते, कुठे सुई राहिलीय, ते तुमच्या अंगाला कळायचं. दोन मिनिटांचं काम, तुम्ही पाच लावायचात. आपल्या घरी सायकलच होती, बाबा. त्या दिवशी साहेब गाडी न्यायला आले, तुम्ही दार उघडून एक पाय आत टाकलात. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण ते काही बोलले नाहीत. बोलले मी. "बाबा, तुम्ही नका ना बसू. कपडे बघा तुमचे. घाण होईल ती."

तुम्ही पाय मागे घेतलात. आधी स्वतःच्या पँटकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "बरोबर आहे. तू बस मग. तुझा ड्रेस चांगलाय." आणि मी बसले. साहेबांनी हसून विचारलं, कुठल्या कॉलेजात, कुठली साइड, आणि मी मागच्या सीटवरून ऐटीत उत्तरं देत राहिले. तुम्ही बाहेरून वाकून म्हणालात, "कुठं टोचतंय का गं?" मी मानेनंच नाही म्हटलं.

त्यानंतर तुम्ही कुठल्याच सीटवर बसला नाहीत. तळहातानं दाबून बघायचात. शेजारच्या फोमवाल्या सिंधी शेठनं एकदा विचारलंसुद्धा, "क्यों भाऊ, आजकल बैठ के नहीं देखते?" "पँट खराब रहता है, शेठ," तुम्ही म्हणालात. मी डबा हातात धरून तिथेच उभी होते. अळ्यांची किळस केव्हाच गेली बाबा, तुमच्या हातांचीही गेली. त्या दिवशीचा माझा तो शहाणा आवाज मात्र अजून कानात येतो, आणि किळस येते ती त्याची.

गाडी गेली त्या संध्याकाळी तुम्ही जेवताना नुसती भाकरी कुस्करत होतात. आईनं विचारलं, काय झालं, तर ताटावरून उठून हात धुवायला गेलात. मग मीच तिला सांगितलं की साहेबांनी बाबांना सीटवर बसू दिलं नाही. तुम्ही गेलात, तरी आई अजून त्या माणसाला शिव्या घालते. परवा अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात ते काठी टेकत येताना दिसले, खूप म्हातारे झालेत, तर ती त्यांच्यासमोर रस्त्यात थुंकली. ते गोंधळून बघत राहिले. मी तिचा हात धरून तिला पुढे नेलं.

आईला वाचता येतं. म्हणून हा कागद मी घरात ठेवणार नाही.