मशीन खाली न्यायचं आहे

१४ ऑक्टोबर १९९६, सोमवार
आपल्या खत-बियाणे सोसायटीत विजयमाला काकडे या टायपिस्ट म्हणून रुजू झाल्या. दोन्ही पायांना कॅलिपर, हातात कुबड्या. चेअरमन का-कू करत होते. मी सेक्रेटरी या नात्याने पटवलं. वर्षअखेर टायपिंग बघून कायम करू, असं ठरलं. अख्ख्या शेवगावात एवढं मोठं मन कुणी दाखवलं नसेल. ऑफिस वर, जिना उभा. म्हणून बाईंचं टेबल खाली, गोडाऊनच्या दारात टाकलं. टाइपरायटर वर आहे. उद्या खाली नेऊ.

१७ ऑक्टोबर
नेला नाही. आमचा शिपाई आसाराम म्हणतो, मशीन लई जड हाय आन् कंबर धरलीय. मशीन कधी येतंय, असं बाईंनी विचारलं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. सोमवारी नक्की.

१९ ऑक्टोबर, शनिवार
ऑफिसात दसऱ्याची यंत्रपूजा. मशीनला झेंडूचा हार घातला. आता पूजेतलं मशीन दसरा होईपर्यंत हलवता येत नाही. इलाजच नाही! सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. पेढा मात्र मी स्वतः खाली नेऊन दिला. बाईंनी पेढा घेतला आणि मशीनचं विचारलं.

६ नोव्हेंबर
दिवाळीच्या तोंडावर कुठे हलवाहलवी. बाई टपालावर शिक्के मारतात. येणारे-जाणारे त्यांनाच युरियाचा भाव विचारतात. तो आता त्यांना पाठ झालाय. एका अर्थी प्रगतीच.

३ डिसेंबर
जागतिक अपंग दिन. वरच्या हॉलमध्ये बाईंचा सत्कार ठेवला. कल्पना माझी. जिन्याचं ध्यानातच राहिलं नाही. शेवटी त्यांच्या वतीने शाल-श्रीफळ मीच स्वीकारलं. 'संधी' या विषयावर बोललो. लाउडस्पीकर होता, म्हणजे त्यांना खाली ऐकू गेलंच असणार. नारळ चुकून घरी आला. सत्कार त्यांचा आणि नारळ तुम्हाला कसा, असं बायकोने विचारलं. चटणी घशाखाली उतरेना. दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हाही उतरेना. शाल उद्या देतो.

२८ डिसेंबर, शनिवार
बाईंचं टायपिंग कसं आहे, चेअरमननी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, अजून पाहिलेलं नाही. मग कायम कशाला करायचं, म्हणाले. मी गप्प बसलो. फार वाईट केलं मी. सोमवारी मशीन स्वतः उचलून खाली नेणार. बास!

३० डिसेंबर, सोमवार
मशीन खाली गेलं. मी पोचायच्या आधीच. एक अर्ज टाइप करायचाय, असं बाई म्हणाल्या आणि आसारामने ते खांद्यावर टाकून नेलं. मध्ये टेकलासुद्धा नाही. कंबरेचं काय झालं, मी विचारलं. म्हणाला, कंबर तवाच बरी झाली, तुमी परत म्हनलाच न्हाई.

खालून टकटक येत होती. कुठे म्हणून अडखळली नाही. बाईंना भिंगारला नोकरी मिळालीय, तळमजल्यावर. राजीनामा माझ्या नावे आहे. एकही खोडाखोड नाही.

शाल द्यायला खाली उतरलो, तर बाई गेल्या होत्या. आसाराम विचारत होता, मशीन आता वर न्यायचं का.

म्हटलं, उद्या बघू.