एका माणसाचं आमंत्रण

नाना, तुमची नात गेल्या महिन्यात एक वर्षाची झाली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, त्यामुळे माझं लग्न, मग ही पोर, यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही, आणि मी एकदम वाढदिवसापासून सुरुवात करतेय. नाक तुमचंच आहे तिचं, फताडं. आई म्हणते, आजोबांचं घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं का पोरीला. आई आता माझ्याकडेच असते. आम्ही दोघं नोकरीवर जातो आणि दिवसभर नातीला तीच बघते. आत्ता दुपार आहे, दोघी आतल्या खोलीत झोपल्यात, आणि मी रजा टाकून स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय.

वाढदिवस करायचा की नाही यावर आमच्याकडे पंधरा दिवस काथ्याकूट चालला. मी म्हणत होते, घरातच करू, केक आणू, पुरी-भाजी आणि शिरा. नवरा म्हणाला, "सगळ्यांच्या पोरांचे वाढदिवस आपण हॉलमध्ये जेवून आलोय. आता आपली पाळी आली तर शिरा?" त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी पाथर्डी फाट्याजवळ एक लहान हॉल बघितला. साठ ताटांचं पॅकेज, फुगे आणि पोरीच्या नावाचा फलक त्यातच, साठाच्या वर मात्र प्रत्येक ताटाचे वेगळे पैसे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण असतं बरं का, आणि हॉलवाले ते ताटावर लावतात. घराचा हप्ता जाऊन जे उरतं त्यात साठच बसत होते. त्यावर एकही नाही, असं आमचं ठरलं.

मग मी यादी करायला बसले. सासरचे लोक, शेजारी, नवऱ्याचे मित्र, आणि माझ्या ऑफिसचे चौदा जण. एकोणसाठ कधी भरले कळलंच नाही, आणि कळवणची आत्या राहिलीच होती. आत्या, मामा म्हणजे तुमचे दाजी, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं, म्हणजे दहा माणसं. तुम्ही असतात तर यादीची सुरुवातच त्यांच्यापासून केली असतीत. तुम्ही गेल्यावर आईला धुणीभांडी करावी लागली, आणि मला आत्याने अकरावी-बारावीला स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. मामा रोज सकाळी मोटरसायकलवरून मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायचे. थंडीत स्वतःची कानटोपी काढून माझ्या डोक्यावर घालायचे, आणि मी फाटक यायच्या आधीच ती काढून दप्तरात कोंबायचे, मैत्रिणी हसतील म्हणून. तेव्हापासूनच मी अशी आहे वाटतं.

सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांची वास्तुशांत आठवते का? मी अकरा वर्षांची होते. तुम्ही मला बरोबर घेऊन घरोघर आमंत्रणं करायला निघालात. हातात अक्षतांची वाटी, आणि प्रत्येक दारात तुमचं एकच वाक्य, "चूलबंद हां वहिनी." म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. घरटी एका माणसाला बोलवायची पद्धतही आपल्याकडे आहेच, पण ती तुम्हाला मानवायची नाही. शेवटच्या घरी तुम्ही मला एकटीला पाठवलंत. त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती आणि मला मुळीच आवडायची नाही. मी दारातूनच ओरडले, "एक माणूस या," आणि पळत आले. तुम्ही ते कोपऱ्यावरून ऐकलं होतं. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "एकाला जेवायला बोलवायचं आणि घरच्यांनी काय दारातून वास घ्यायचा? जा, परत जा, नीट सांग." मी परत गेले आणि रडत रडत चूलबंद म्हणून आले. त्या घरचे नऊच्या नऊ जण आले. आईने तुमच्याकडे डोळे वटारले आणि तुम्ही वाढपी झालात.

आणि मी काय केलं? मी आत्याला फोन लावला. "आत्या, पोरीचा वाढदिवस आहे गं. हॉल लहान आहे, एका माणसाचं सांगतेय. तू नक्की ये." मग ती म्हणते, "बरं बाई. येते ना मी. नातीला काय आणू?" मी म्हणते, काही नको. फोन ठेवते, तोवर आई बाहेरून विचारते, "कळवणला चूलबंद सांगितलंस ना गं?" आणि मी हो म्हणते. किती सहज म्हटलं मी ते, नाना. गॅसवरचं दूध बघत बघत.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. फुगे, केक, गाणी सगळं झालं. पोरीने केककडे बघून भोकाड पसरलं आणि फोटोत तसंच आलं. आत्या बारा वाजता आली, गुडघा धरून एकेक पायरी चढत. आल्या आल्या तिने नातीला ओवाळलं, तिच्या पायात चांदीचे वाळे घातले, आईच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली. आई विचारत होती, बाकीचे कुठायत? आत्या म्हणाली, "कांद्याची कामं हायेत वहिनी." जेवायला बसली, पण दोन घास खाऊन सारखी दाराकडे बघत होती. माझ्या ऑफिसच्या चौदांपैकी तिघं आले. बाकीच्यांनी फोनवर फुगे आणि केकची चित्रं पाठवली. हॉलचा मॅनेजर येऊन विचारतो, "मॅडम, दहा-अकरा ताटं उरतायत, पॅक करून देऊ का?"

आत्याला गाडीची घाई होती. तिला रिक्षात बसवायला म्हणून मी खाली उतरले. खाली पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी स्कूटरच्या सावलीला, मामा बसलेले. डोक्यावर टोपी, मांडीवर आत्याची पिशवी. मला बघून उठले आणि धोतर झटकलं.

मी म्हणाले, "मामा, तुम्ही? वर का नाही आलात?"

"मला कुठं सांगणं व्हतं पोरी? सांगणं हिला व्हतं. गुडघ्यामुळं हिला येकटीला गाडीत चढता येत नाय, म्हणून पोचवायला आलो."

"अहो, म्हणून दोन तास इथे बसलात? चला, वर चला आधी."

"आता नको. बिनसांगण्याचं ताटावर बसू नये मानसानं. राग नाय गं, शहरात जागा कमी आसती, कळतं आम्हाला. मी वडापाव खाल्ला. माझी नात कशी हाय?"

त्यांनी तिला बघितलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "मामा, फोनवर चुकून बोलले हो मी. घाईत होते." आणि आत्या लगेच म्हणाली, "बघा! मी यांला म्हणलंच व्हतं, पोर घाईत व्हती." दोघांचे चेहरे असे खुलले, नाना, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी धावत वर जाऊन पोरीला खाली आणलं. मामांनी तिला घेतलं, तिने त्यांची टोपी ओढली, ते हसले. मग ते दोघं रिक्षात बसून द्वारका चौकात गेले, तिथून गाडी पकडायला.

चुकून काही नव्हतं. पैशांचंही नव्हतं, ते मी नवऱ्याला आणि स्वतःला सांगितलं. माझ्या लग्नात मामा बुफेच्या रांगेत मोठ्याने म्हणाले होते, "आम्ही काय भिकारी हाये का, हातात ताट धरून उभं राहायला?" ऑफिसची माणसं तोंडावर रुमाल धरून हसली होती. तेच पुन्हा नको होतं मला. त्याच चौदा जणांसाठी मी आत्याच्या घरची नऊ माणसं कापली, आणि चौदांतले अकरा आलेच नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण खाली मामा बसले होते हे मी आईला सांगितलंच नाही, त्यामुळे आईच्या हिशोबी चूलबंद सांगूनही कळवणहून एकटी आत्या आली. "दहा माणसांतून एक? आपली गरिबी सरली तर आता त्यांना जड झालो वाटतं," ती म्हणाली, आणि महिनाभर धुसफुसते आहे. परवा आत्याचा फोन आला. धाकट्या नातवाचं जावळ आहे, चूलबंद या म्हणाली. आई फोनवर गोड बोलली आणि ठेवल्यावर मला म्हणाली, "तुम्ही कुणी यायचं नाही. मी एकटी जाऊन येईन. जशास तसं." तुमची बहीण दारात उभी राहून आईच्या मागे कोण कोण आहे ते बघणार, आणि मागे कुणी नसणार. आणि आई ते ताठ मानेने करणार, माझ्यावर विश्वास ठेवून.

हे सगळं आईला सांगायचं तर दोन मिनिटं पुरतील. तुम्हाला लिहायला मात्र अख्खी दुपार गेली. तुम्हाला पत्ता नाही आणि तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून तर एवढं खरं लिहिता आलं. हा कागद मी आईच्या हाती लागणार नाही असा फाडून टाकीन. तिची उद्या सकाळची गाडी आहे. पिशवी मघाशी मीच भरून दिली, एका माणसाची.