लपवलेला दांडा

४ ऑक्टोबर, नॅप्टन

बोट वाचली. थोडक्यात!

उतरणीचं दुसरं लॉक, म्हणजे कालव्यातला दोन दारांमधला हौद; पाणी सोडलं की बोट खाली उतरते. मी काठावर, झडपा उघडून. नवरा, एबल, मागे सुकाणूवर. पाणी उतरतंय आणि बोट मागे सरकतेय. मागच्या दाराशी दगडी उंबरा असतो. बोटीचं बूड त्यावर टेकलं, की तोंड पाण्यात आणि खेळ खलास. कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा तर पन्नास वर्षं सुकाणू धरतोय! "एबल, पुढे घे!" हा बगळ्याकडे बघतोय. खालच्या झडपा पाडल्या, धावत जाऊन वरच्या उघडल्या, पाणी परत भरलं.

मग म्हणतो कसा, "एवढी बोंब कशाला गं?"

पुढची सगळी लॉक्स मीच काढली. कंबर गेली.

५ ऑक्टोबर

बोट बांधली की सुकाणूचा लाकडी दांडा उपसून छपरावर ठेवायचा, ही आमची सगळ्यांचीच रीत. या वेळी छपरावर नाही ठेवला. मी लाकडी पेनं कातते त्या लेथच्या बाकाखाली, पेनांच्या लाकडात सरकवला.

७ ऑक्टोबर

नासपतीच्या लाकडाची सहा पेनं. एक तडकलं — स्टोव्हजवळ सुकवायची घाई माझीच.

लेथच्या विजेसाठी बोटीचं इंजिन लावावं लागतं. इंजिन लागलं की हा टोपी घालून मागे हजर. निघायचंय ना!

"दांडा कुठाय?"

"दुरुस्तीला दिलाय."

दुपारी पुन्हा. "दांडा?"

"कोळसेवाली मॅव्हिस घेऊन गेली."

"सकाळी दुरुस्तीला होता."

काय लक्षात राहील आणि काय नाही, याचा नेम नाही.

१० ऑक्टोबर

मॅव्हिस कोळशाची बोट घेऊन आली. दोन पोती घेतली. बया बोलायला थांबली.

"काकू, तुमचे चौदा दिवस अठराला भरतात. त्यावर एका जागी राहू देणार नाहीत. कालव्याच्या ऑफिसला दोन ओळी लिहा — नवरा आजारी, मुदत वाढवा. देतात."

"आजारी कुठाय? बगळा बघत होता."

"दिवसभर पेनं करता, आणि दोन ओळी लिहवत नाहीत?"

फाजील कार्टी!

बोट थांबेल तिथल्या शाळेत आठवडाभर बसायचं, असं माझं शिक्षण. तरी 'आजारी' लिहिता येतं मला. लिहायचं नाहीये.

१३ ऑक्टोबर

पाऊस. कंटाळा. पेनं नाहीत, काही नाही.

१५ ऑक्टोबर

ठरलं. अठराला निघायचं. ब्रॉनस्टनपर्यंत एकही लॉक नाही. सुकाणू मी धरीन, हा शेजारी उभा राहील. त्यापुढचं त्यापुढे. लॉक आल्यावर बघू.

थांबून काय करायचं? जन्मच बोटीत झाला माझा.

१७ ऑक्टोबर

गावातून पाव घेऊन येते, तर लांबूनच लेथचा आवाज. एबल बाकावर. दाढीभर भुसा. हातात पेन — गाजराएवढं जाड!

"कसलं लाकूड घेतलंस?"

"ॲशचं."

ॲश झाडाचं लाकूड माझ्याकडे नाहीच. बाकाखाली हात घातला. दांडा होता. वीतभर आखूड.

"अरे मूर्खा! सुकाणूचा दांडा होता तो!"

"ठाऊक आहे. कधीच सापडला होता मला."

"मग रोज विचारत काय होतास?"

"तू आज काय सांगतेस ते ऐकत होतो."

हसू येईना. दांडा उजेडात नेला. हाताने धरायचं टोक जसंच्या तसं, आमच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं. सुकाणूच्या लोखंडात बसतं ते टोक नेमकं कापलंय; आता बोट वळवता यायची नाही.

"चहा टाक," म्हणाला. "आणि मॅव्हिस म्हणाली ते पत्र लिही. मला लिहिता येत नाही."

१८ ऑक्टोबर

लिहिलं. दोन ओळी. एबलचं पेन बोटांत मावत नाही.