देवाच्या कानात सांगितलेलं

तीर्थरूप वन्सं,

नमस्कार वाकूनच केला आहे, पण कंबर धरली म्हणून पुढच्या ओळीला जरा वेळ लागला. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे काल देवळात जाईपर्यंत तरी होतो.

आधी एक सांगते. दुसऱ्या गावच्या शाळेने मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं आहे. सोमवारी उत्तर द्यायचं आहे. पण आईंना आणि त्यांच्या औषधांना तुमच्या बंधूंच्या भरवशावर सोडून कशी जाऊ? म्हणून घरात बोलले नाही. 'नाही' कळवायचं ठरवलं आणि देवापुढे थोडं रडून घ्यावं म्हणून आईंना घेऊन निघाले. तुमचे बंधू बाहेर चपलांपाशीच थांबले. (चपला नव्या असल्या की त्यांची भक्ती उंबरठा ओलांडत नाही.)

आत शिरताना आईंनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. घंटा त्यातून थेट मेंदूत वाजते म्हणे. यंत्र नसलं की त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या देवाशी कुजबुजतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. (कुजबूज ही त्यांची समजूत. पुजारी हातातलं फूल तसंच धरून थांबले होते.) आधी तुमच्या बंधूंचं घोरणं झालं, मग माझी पाळी आली.

"देवा, हिला बाहेरगावी मुख्याध्यापिका केलंय. रोज आरशासमोर उभी राहून 'आई, मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय, मला जायचंय' असं म्हणून बघते, आणि माझ्यापुढे आली की मीठ कुठं ठेवलं ते विचारते. मला ऐकू येत नाही, पण ओठ दिसतात. माझ्यापायी ही थांबली तर मी तुझ्याकडे यायचं बंद करीन, सांगून ठेवते."

मागची बाई म्हणाली, "जा हो. एवढं म्हणताहेत तर."

पुजारी म्हणाले, "हो म्हणताय ना? मागे रांग आहे."

मी हो म्हटलं. वन्सं, आयुष्यातला एवढा मोठा निर्णय मी रांग खोळंबली म्हणून घेतला.

बाहेर आल्यावर आईंनी यंत्र लावलं आणि विचारलं, "काय मागितलंस गं?"

"काही नाही."

"मीही काही नाही," म्हणाल्या, आणि शांतपणे पदर सारखा केला. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. गाडीत मी त्यांचा हात धरला, तर म्हणतात, "आत्ता कशाला? उतरताना धर."

तुमची,
वहिनी

ता. क. तुमच्या बंधूंना अजून काहीच माहीत नाही, ते चपलांपाशी होते ना. तुमच्या शब्दाबाहेर ते नाहीत. तेवढं फोनवर सांगाल?

आणखी एक ता. क. मी नसताना आईंना तुमच्याकडे पाठवावं, असं मनात होतं. पण त्या देवाला हेही म्हणाल्या, "लेक न्यायला आली तर अडव. चहात साखर मोजून घालते." तेव्हा तुम्हीच इकडे येऊन राहा. साखरेचा डबा मी काठोकाठ भरून ठेवते.