गार गादीवरची नात

१७ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का?

तुझं पत्र पोचलं. रागात तुझं अक्षर जास्तच सुबक येतं, हे लहानपणापासून बघतेय. तू बाळावर घातलेला स्वेटर सुनेने चार माणसांत ओढून काढला, तेव्हा तिने येऊन माफी मागावी, असं तू म्हणतेस. ती येणार नाही. मी तिला पाठवणारही नाही. घे, लिहून टाकलं!

आता फोनवर टाळलं ते सांगते. बाळ 'जरा अशक्त' नव्हतं गं. जन्माच्या वेळी नाळ दबली आणि मेंदूला रक्तच पोचेना. पोरगी बाहेर आली ती रडली नाही, हललीसुद्धा नाही. तुझं बीपी वाढेल म्हणून मी तोंड शिवून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा वेळी मेंदूची नासाडी पुढेही आतल्या आत चालू राहते, अंग गार ठेवलं तर ती बरीच रोखता येते. म्हणून तीन दिवस ती गार पाण्याच्या गादीवर उघडी होती. ऊब दिली असती तर घातच झाला असता. तुला हे ठाऊकच नव्हतं. ते गार पाय हाताला लागल्यावर कोणत्या आजीने पांघरूण घातलं नसतं? माझेही हात शिवशिवत होते.

'आई आहेस की दगड?' असं तू तिला म्हणालीस. पोटाचे टाके ओले असताना ती चाकाच्या खुर्चीतून उठली आणि 'मावशी, हात काढा,' म्हणाली. एवढंच. बस चालवणारी सून आणली म्हणून तू नाक मुरडलं होतंस ना? अगं, मागे भरल्या बसमध्ये कितीही आरडाओरडा होवो, रस्त्यावरची नजर न काढणारी बाई आहे ती! माझा लेक बाहेर जाऊन रडून आला. माझं तर विचारूच नकोस. ती मात्र जागची हलली नाही. मला तिचा अभिमान वाटतो, ताई. इतका, की येईल त्या नर्सला सांगत सुटले होते, ही माझी सून.

तू तरातरा निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. तुझा स्वेटर तिने नीट घडी करून शालीखाली छातीशी धरला. मी म्हटलं, 'पिशवीत ठेव की.' तर म्हणते, 'नको आई. तिला ऊब द्यायला सांगतील, तेव्हा हा गार नको.' जेवताना, झोपतानाही तो तिच्यापाशीच.

मग गादी हळूहळू कोमट केली. काल बाळ रडलं. काय तो आवाज, थेट तुझ्यावर गेलाय! तपासणीत मेंदू चांगला दिसतोय. पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, पण आज पोरगी दूध ओढतेय. अंगात पहिला कपडा गेला तो तुझाच. बाह्या लांब झाल्यात, माप चुकलंय तुझं. पण स्वेटर मस्त उबदार होता गं.

माफी कोणीच मागायची नाही. तू फक्त ये.

तुझी धाकटी,
आणि त्या बसवालीची सासू