तारकाच्या चार डाया

मी, श्रीमती मंदाकिनी बाळ तुंगारे, वय ७६ वर्षे, व्यवसाय प्रेसकाम (गाड्यांचे पत्र्याचे भाग), राहणार एमआयडीसी निवासी विभाग, डोंबिवली पूर्व, जिल्हा ठाणे, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. हर्षित वैद्य यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार आणि तारीख विचारली. मी दोन्ही सांगितलं, शिवाय त्यांच्या दवाखान्यातला वजनकाटा दीड किलो जास्त दाखवतो हेही सांगितलं. दाखल्यात त्याचा उल्लेख नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. नीरजा कर्णिक यांनी करावी. त्यांना घाई करायची सवय नाही, म्हणून त्यांना नेमले आहे.

कलम १. माझा राहता फ्लॅट, त्यातील सामान व देव्हाऱ्यासह, माझा एकुलता एक मुलगा चि. नील यास मिळावा. तो चांगला मुलगा आहे. नॉयडाहून दर रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्यास का विचारतो. पुढच्या कलमांवरून कोणी भलता अर्थ काढू नये.

कलम २. बँकेतील ठेवी माझी नात कु. श्रिया हिच्या शिक्षणासाठी. त्यातून फक्त शेडच्या हस्तांतराचे शुल्क आधी भरावे. कोणती शेड, कोणाला, ते पुढे येईल.

कलम ३. इमारतीखाली उभी असलेली बदामी रंगाची तारका गाडी, सन १९८६. हल्लीच्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. तारका मोटर्सचा कारखाना ठाण्याला कोलशेत रस्त्यावर होता आणि गाडी नखशिखांत इथली होती. मी तिथे ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीने ड्रॉइंग काढत, ते मी पारदर्शक कापडावर शाईने उतरवत असे. दाराच्या बिजागरीचं ड्रॉइंग माझ्या हातचं. त्यावरून डाया, म्हणजे पत्रा ज्यात दाबून बिजागरी घडते ते पोलादी साचे, बनवले टूलरूममधल्या बाळ तुंगारे यांनी. ते एकदा तक्रार घेऊन आले की ड्रॉइंगवर मध्यरेषा दिसत नाही. मध्यरेषा होती. तरी आठवड्यातून तीनदा येत राहिले. पुढचं सांगायला नको.

बाळची एकच परीक्षा होती. दार लावलं की आवाज एकदाच आला पाहिजे, आणि हात काढल्यावर दाराने हलता कामा नये. आमच्या गाडीचं दार अजून तसंच लागतं. ही गाडी श्रियाला द्यायची होती, पण दिल्लीकडे, तिच्या भागात, एवढी जुनी गाडी रस्त्यावर आणता येत नाही म्हणतात. जुन्या गाड्यांचं धोरण माझ्या मरणाच्या दिवशी काय असेल ते मला माहीत नाही, सरकारलाही नसेल. तेव्हा गाडी रीतसर नोंदणी असलेल्या भंगार केंद्राला द्यावी. त्याआधी ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन बिजागऱ्या काढून, मूळ ट्रेसिंगसह श्रियाला द्याव्यात. अगं श्रिया, शोभेची वस्तू म्हणून नाही, मोजून बघ.

कलम ४. कपाटातली हिरवी फाइल नीलला. तिच्यात सेहेचाळीस वर्षांचं सरकारी औद्योगिक धोरण आहे, आमच्या शेडच्या शटरच्या बाजूने पाहिलेलं. छोटे भाग लघुउद्योगालाच राखीव, तो कागद आहे. राखीव नाही, तोही आहे. परदेशी कंपन्यांबरोबर गाड्या आल्या तेव्हा ‘हळूहळू सगळे भाग इथेच बनतील’ असं पत्रक निघालं, ते आहे. ऑनलाइन नोंदणीच्या तीन वेगवेगळ्या पोर्टलांचे तीन नंबर आहेत. आता विजेच्या गाड्यांच्या योजना. त्यातल्या एकीची अट अशी की उलाढाल आमच्या शंभरपट हवी.

नील सरकारला सल्ला देणाऱ्या कंपनीत आहे आणि ‘देशी वाहन उद्योगाचे भविष्य’ या विषयावर अहवाल लिहितो. चार वर्षांपूर्वीचा त्याने मला वाचायला पाठवला होता. त्यात एक तक्ता होता. कोणते पुरवठादार टिकतील ते हिरव्यात, कोणते जातील ते लाल पट्टीत. मी चष्मा लावून शोधलं. लाल पट्टीत त्याची आई होती.

मी फोनवर विचारलं तर म्हणाला, “आई, पर्सनली नको घेऊस. स्केल नसेल तर कोणी टिकत नाही. शेड गोडाऊनवाल्याला देऊन टाक आणि आराम कर.”

“आणि शेडमध्ये राबणारी सगुणा?”

“एकेक माणूस धरून धोरण नाही गं करता येत.”

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तरी काय दिवे लावले? वीस वर्षं सभांमधून सांगत फिरले की गाडी कशावरही चालो, दार लागणारच, म्हणजे बिजागरी लागणारच. मग नव्या गाड्यांची दारं बिजागरीसकट तयार खोक्यांतून यायला लागली आणि मी तोंडावर पडले. पण नील, पुढचा अहवाल लिहिण्याआधी ही फाइल वाच आणि एक दिवस सकाळी आठला शेडचं शटर स्वतः उघड. ही अट नाही, विनंती आहे.

कलम ५. शेजारच्या शेडचे रतन पाटील गेली अकरा वर्षे आमच्या शटरसमोर टेम्पो लावतात. मी त्यांना एकशे तीस वेळा तरी सांगितलं असेल. ते दर वेळी “दोन मिनिटं, वहिनी” म्हणतात. त्यांना मी माफ करीत आहे. ही माफी माझ्यापुरती आहे, पुढच्या मालकिणीला लागू नाही.

कलम ६. शेडमध्ये डाव्या हाताला चार जोड डाया आहेत. निम्मी जागा त्यांनीच खाल्ली आहे. प्रत्येकीवर रिबिट मारलेली पितळी पट्टी आहे, ‘तारका मोटर्सची मालमत्ता’. पद्धतच तशी असते. डाया गाडी कंपनीच्या, आपण त्या सांभाळायच्या आणि माल काढून द्यायचा. बाळने १९७९ साली नोकरी सोडून ही शेड घेतली तेव्हा त्याच्याच हातच्या डाया कंपनीने त्याला सांभाळायला दिल्या. १९९७ साली कंपनी बंद पडली. २००१ साली बाळ गेला. डाया राहिल्या. मी वर्षाला दहावीस बिजागऱ्या काढते, ज्यांच्याकडे अजून तारका आहे त्यांच्यासाठी. कोपरचे एक मास्तर अजून येतात.

या डाया माझ्या नाहीत म्हणून मी त्या विकल्या नाहीत. दर एप्रिलला कंपनीच्या कोलशेतच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र घातलं की आपली मालमत्ता घेऊन जावी. पत्रं परत येत. एकदा तिथून वॉचमनचा फोन आला, “मॅडम, इधर तारका-बिरका नहीं है, स्विमिंग पूल है.” तरी मी लिहीत राहिले. एमआयडीसीत माझा लौकिक झाला. कारखानदारांच्या असोसिएशनने प्रामाणिकपणाबद्दल शाल दिली. शाल कपाटात आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डायांवर झेंडूच्या माळा तशाच होत्या. सगुणाची मुलगी संचिता आली. सगुणा विठ्ठल भोईर, खडवलीची, २००३ पासून माझ्याकडे आहे. पॅकिंगला लागली आणि आता शेड तीच चालवते. संचिताने टूल अँड डायचा डिप्लोमा केला आहे. तीनचाकी इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या कारखान्याकडून तिने बॅटरीच्या खोक्याच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग आणलं होतं. डिसेंबरअखेर नमुने पास झाले तर वर्षाची ऑर्डर. शेड त्यावर चालणार, नाहीतर मार्चनंतर शटर खाली.

“मॅडम, जागा पण नाहीये आणि नव्या पोलादाचा रेट तर विचारूच नका,” ती म्हणाली. “पण ह्यांच्या खालच्या बैठका आहेत ना, त्या मिळाल्या तर मी त्यावरच नवीन डाय बसवते. एकदम सॉलिड मटेरियल आहे.”

मी भडकले. म्हटलं, त्या आपल्या नाहीत. हात लावायचा नाही.

सगुणा माळ काढत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मंग कोनाच्या, बाई?”

उत्तर माझ्याकडे सोळा वर्षं होतं. ते आता लिहिते.

२००९ साली, कंपनी गुंडाळण्याचं काम ज्या सरकारी कार्यालयाकडे होतं त्यांचं मला पत्र आलं. सदर वस्तू आमच्या यादीत नाहीत, त्यांवर कोणाचाही दावा नाही, आपण योग्य ती विल्हेवाट लावावी. सही, शिक्का, सगळं. ते मी ट्रेसिंगच्या नळीत लपवलं आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा कोलशेतला पत्र घातलं. तिथे स्विमिंग पूल आहे हे माहीत असूनही. डाया माझ्या झाल्या असत्या तर त्यांचं काहीतरी करावं लागलं असतं. दुसऱ्याच्या होत्या तोवर नुसतं तेल लावून बसता येत होतं. त्यांच्यावर बाळच्या कानशीचे ओरखडे आहेत. मी प्रामाणिक नव्हते. मला नवऱ्याची आठवण येत होती, आणि त्यापायी दोघी मायलेकींची वाट अडवून बसले होते.

सबब, सदर चार जोड डाया माझ्या पश्चात कु. संचिता विठ्ठल भोईर हिला द्याव्यात व तिने त्या कापून वापराव्यात.

(वरील वाक्य मी स्वतः खोडले आहे. मं. बा. तुंगारे.)

खोडण्याचे कारण: हे वाक्य गुरुवारी लिहिलं आणि पेन थांबलं. नमुने डिसेंबरात द्यायचे आहेत. पोरीने काय माझ्या मरणाची वाट बघत बसायचं? तब्येत तर ठणठणीत आहे, दाखला जोडलाच आहे. सोमवार, १० नोव्हेंबर रोजी मी छिन्नी-हातोडी घेऊन शेडमध्ये गेले आणि चारही पट्ट्यांचे रिबिट उडवले. पहिला मला उडवता आला नाही, सगुणाने उडवला. दुपारपर्यंत पहिली डाय उघडली होती. संचिताने वरचा भाग उचलला आणि म्हणाली, “मॅडम, ह्याचं फिनिशिंग बघा ना. हाताने केलंय हे?” मी हो म्हटलं आणि रडले. बराच वेळ रडले.

म्हणून हे कलम आता रिकामे आहे. माझ्या पश्चात त्यात कोणी काही शोधू नये.

कलम ७. शेड क्रमांक एकोणतीस. जमीन माझी नाही, महामंडळाची आहे. १९७९ पासून पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. माझी आहेत ती त्यातली शिल्लक एकोणपन्नास वर्षं. ती सर्व, शेड, दोन्ही पॉवर प्रेस, लेथ, हत्यारं आणि ‘बाळ प्रेस वर्क्स’ हे नाव यांसह, महामंडळाची परवानगी घेऊन सौ. सगुणा विठ्ठल भोईर यांना मिळावीत. नीलने हरकत घेऊ नये.

कारण लिहून ठेवते. आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाही. काम भराभर उरकावं म्हणून कारागीर एक बटण तारेने बांधून टाकतात. सगळीकडे चालतं. सगुणा रोज सकाळी आधी बटणं बघते. तार दिसली की मेन स्विच बंद करते, मग समोर ऑर्डर अडकलेली असो की मी उभी असो. २००६ साली माल द्यायच्या दिवशी तिने माझ्याच तोंडावर स्विच पाडला आणि म्हणाली, “माल उद्या जाईल, बाई. बोट परत येत नाय.” बावीस वर्षांत या शेडमध्ये कोणाचं नखही गेलेलं नाही. नील, तुझ्या तक्त्यात याला रकाना असेल तर दाखव.

धोरणं येतील-जातील, सगुणा. चांगली योजना आली तर अर्ज कर, संचिताला भरायला सांग. पण नवी प्रेस योजनेच्या जिवावर घेऊ नका. भाडेपट्टा संपेल तेव्हा संचिता चौऱ्याहत्तर वर्षांची असेल, आज मी आहे त्याहून दोन वर्षांनी लहान. तेवढा वेळ पुरावा.

आज सह्यांसाठी डॉक्टर आणि रतनशेठ यांना शेडमध्ये बोलावलं आहे. सगुणाला वाटलं, साक्षीदार म्हणजे तीच. हात धुऊन, चष्मा लावून पुढे आली. मी म्हटलं, “तू नको.” ती “बरं” म्हणाली आणि चहा टाकायला मागे गेली. गेटपासचा प्रत्येक कागद बावीस वर्षं तिच्या सहीने गेला, आणि आज बाईंना तिची सही चालेना, असंच तिच्या मनात आलं असणार. आत भांड्यांचा आवाज जरा जास्तच होतो आहे.

हे तिला मी गेल्यावर कळावं असं ठरवलं होतं. आधी सांगितलं तर नको म्हणेल आणि नको म्हणण्यात ती माझ्याहून हट्टी आहे. पण सहाव्या कलमाची खोडाखोड समोर आहे. पुन्हा तेच करायचं नाही.

सगुणा, ज्याला मिळायचं असतं त्याची साक्ष घेत नाहीत, असं नीरजाताईंनी बजावलं आहे. चहा ठेव, बस, आणि कलम सात वाच.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, खोडलेल्या एका वाक्यासह, वाचून व समजून दोन साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: शेड क्र. २९, डोंबिवली औद्योगिक क्षेत्र
दिनांक: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

सही: मंदाकिनी बाळ तुंगारे

साक्षीदार १: डॉ. हर्षित वैद्य

साक्षीदार २: रतन मोतीराम पाटील (टेम्पो काढून आल्यावर सही केली)