चाल आणि ढकल

४ जानेवारी

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद.

वृद्धाश्रमाचा अर्ज पाठवून तीन आठवडे झाले आणि तुझं उत्तर एका शब्दाचं, 'बघते'. काय बघतेस? आईची उजवी बाजू गेल्याला चार महिने झाले. ती आता उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. तिथे दिवसरात्र नर्स असते. न्हाणीघरात आईला सावरताना तूच आपटलीस, हे तू लिहिलं नाहीस. शेजारच्या काकूंनी कळवलं. घरी बसून शाळेची फाटकी पुस्तकं शिवून बांधायची की आईला उचलायचं? जागा तीस तारखेपर्यंतच राखून ठेवलीय. फुली केलीय तिथे सही कर आणि पाठव, एवढंच काम.

आई वर्गावर होती तेव्हा तुझ्या प्रगतिपुस्तकात काय शेरा द्यायची, आठवतं? 'हुशार आहे, पण चालढकल करते.' तिने पोटच्या पोरीला सोडलं नाही, मी का सोडू?

कंबर शेक. रागावलीस तरी चालेल, माया आटवू नकोस.
तुझा,
दादा

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हो, करते मी चालढकल. रोज दोनदा करते, सकाळी आणि पाचच्या सुमारास.

काकूंकडून वॉकर आणलाय. सुईदोरा, खळीचं भांडं आणि शाळेच्या फाटक्या पुस्तकांचा ढीग भिंतीला सरकवला की पलंगापासून खिडकीपर्यंत वाट मोकळी होते. मी मागून आईची कंबर धरते आणि म्हणते, ढकल. ती वॉकर पुढे ढकलते. मग म्हणते, चाल. ती पाऊल टाकते. पहिल्या दिवशी एकच पडलं आणि दोघी घामाघूम झालो. काल सहा पडली. तुझे डॉक्टर त्या वेळी कुठे होते कोण जाणे.

आणि ऐक. चार महिने जिच्या तोंडून हो-नाहीपलीकडे काही निघत नव्हतं, ती काल मध्येच थांबली आणि एकेक शब्द जुळवत मला म्हणाली की क्रम चुकतोय, समासात चाल आधी येते. व्याकरण अजून शाबूत आहे, दादा! मी तिथेच रडले. तिने डोळे वटारले, म्हणून पुन्हा चालायला लागलो.

अर्जावर खळीचं भांडं ठेवलंय. सही करणार नाही. 'बघते' लिहिलं ते भीत भीत. आता 'नाही' लिहिते, नीट वाच.

वहिनींना नमस्कार. भांडलो तरी तू माझाच आहेस.
तुझी,
गोगलगाय

१९ जानेवारी

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद.

सहा पावलांवर संसार होत नाही गं. उद्या तूही अंथरूण धरलंस तर दोघींना कोण बघणार? मला इथून मोठी रजा मिळत नाही, झोप लागत नाही, आणि तू मला व्याकरण सांगतेस. आईला आता काय कळतं आणि काय नाही, हे तुला तरी कुठे ठाऊक आहे? अठ्ठावीसला गाडी घेऊन येतो. तू सही करणार नसशील तर मी करीन. तिचे कपडे भरून ठेव.

मला वाईट ठरवू नकोस, एवढंच मागतो.
दादा

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कपडे भरलेले नाहीत. तू जरूर ये, गाडी रिकामी ने.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. तिने अर्ज मागितला, चष्मा मागितला आणि लाल पेन्सिल मागितली. डाव्या हाताने लिहायला तिला पाऊण तास लागला. मी फक्त कागद धरून ठेवला.

आता तिला बाहेर जायचंय. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत एकेचाळीस पावलं होतात, मी मोजलीत, मधे दोनदा खुर्चीवर बसवावं लागेल. खुर्ची काकू घेऊन चालतील. हा लिफाफा आईच पेटीत टाकणार आहे. तुझ्या हातात पडला, म्हणजे पोचली असं समज.

अर्ज सोबत परत पाठवतेय. फुलीच्या जागी आईचा शेरा आहे. अक्षर वाकडं आहे, पण लागतं.
तुझी,
गोगलगाय

'उत्तर चूक. जिला पाठवायचं, तिला विचारलेलं नाही. पुन्हा लिही. — आई'